मागचं टेबल

टल्सा विमानतळाजवळचं हॉटेल.
तळमजल्याचा हॉल, गालिच्यावर परातीएवढी तपकिरी फुलं.
चारशे लोक येणार असले
की खुर्च्या मी तीनशे वीसच लावतो.
उरलेल्या सरकत्या भिंतीआड रचून ठेवायच्या
आणि मग सगळ्यांदेखत, धावपळ करत, एकेक आणायची.
डेल होल्कमचा हा नियम.
जागा अपुरी पडली की माणसाला वाटतं
आपण बरोबर ठिकाणी आलो.

एसी इतका की जेवणानंतरही कुणाला पेंग येऊ नये.
भिंतीवरचं घड्याळ उतरवलेलं,
खिळ्याखाली फक्त एक फिकट गोल.

मी सगळ्यात मागे, अंधारात, दिव्यांच्या बटणांपाशी.
माझ्या कागदावर डेलच्या भाषणाच्या खुणा:
इथे वडिलांचा ट्रक जप्त होतो, निळा.
इथे तो गप्प होतो, सात अंक मोजायचे, हात लावायचा नाही.
इथे बायको परत येते, पिवळा, पण सावकाश.

तो ट्रक मी शंभरदा तरी जप्त होताना पाहिलाय.
विचिटात तो लाल होता, ॲमरिलोत हिरवा.
आवाज मात्र फुटतो एकाच शब्दावर,
आणि सांगायला लाज वाटते,
माझाही घसा त्याच शब्दावर दाटतो.

किंमत तो एकदम बोलत नाही.
फळ्यावर दहा हजार लिहितो
आणि त्या आकड्याकडे असा बघतो
जसं शेजाऱ्याचं कुत्रं आपल्या अंगणात बसलंय.
मग खोडतो. पाच. तेही खोडतो.
मार्करची ती किरकिर शेवटच्या रांगेला ऐकू जावी
म्हणून फळ्यामागे एक माइक आहे.
मीच चिकटवलाय.

"फक्त पहिल्या तीस जणांना,"
आणि मागच्या टेबलावर क्रिस्टल अर्ज मांडते.
दोनशे.

पहिला उठणारा आपलाच असतो,
क्रिस्टलचा भाऊ, करड्या स्वेटरातला.
पण आज त्याच्या आधी उठली एक म्हातारी.
शाळेच्या बसचं जाकीट, पाठीवर शिवलेलं नाव: व्हर्ना.
तिच्यामागे दोघं, मग अख्खी रांग,
मेंढरं नाही म्हणणार मी, माणसंच होती,
पाकिटं चाचपत.

ती टेबलापाशी पोचली.
टेबल ओलांडून गेली.
दार ढकललं, उजवीकडे वळली,
जिथे बायकांचं स्वच्छतागृह आहे.

चाळीस माणसं
एका सावकाश मिटणाऱ्या दाराकडे बघत उभी.
पुढच्याने हळूच पेन खिशात घातलं.
कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हॉलभर.
हसू आपण आणलं तर कमाई, डेल म्हणतो,
आपसूक आलं तर गिऱ्हाईक गेलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, दिवा दे अशा अर्थाने.
मी घाईत निळा दिला.
ट्रकवाला.

आणि त्या निळ्यात उभा राहून डेल
सवयीने पुन्हा वडिलांचं सांगू लागला,
पुन्हा तेच अंगण, तेच बँकेचे दोघे,
पण या वेळी ट्रकला रंगच नव्हता,
आणि आवाज फुटला तो भलत्याच शब्दावर.
त्याला स्वतःलाही तो अनोळखी वाटला असावा.
सात मोजून झाले. मी अकरापर्यंत गेलो.

तेवढ्यात व्हर्ना आली, हात ओले,
तिची खुर्ची एव्हाना कुणी बळकावलेली.
मलाच विचारलं, कुजबुजत,
"माझं काही चुकलं का हो? महत्त्वाचं?"

काय सांगणार.
माझ्या गॅरेजात, रंगाच्या डब्यांमागे,
याच कोर्सचा खोका आहे,
पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेतलेला.
त्या रात्रीही दिवे माझ्याच हातात होते.
वरची चिकटपट्टी अजून फोडलेली नाही.

"नाही," म्हटलं, "बसा."
भिंतीआडून तिच्यासाठी एक खुर्ची आणली.
चालत आणली.