बारा वाजता उजाडतं

एकतीस वर्षं मी निळी-पांढरी लाडा हाकली,
मर्काटो ते मेगेनान्या, मेगेनान्या ते मर्काटो.
ती रुसायची, पण कारण सांगून रुसायची:
आधी खोकला, मग धूर, मग भर चौकात बैठक.
लाथ बोनेटला कळायची, शिवी कार्बोरेटरला.

ही जिबुतीच्या बंदरावरून आली, चीनमधून,
सीटांवरचं प्लास्टिक अस्नाकेच काढू देत नाही.
हिला आवाज नाही, वास नाही,
फक्त आत एक बाई आहे. चिनीत बोलते,
अदबीनं, बँकेत कर्ज नाकारतात त्या सुरात.

पहिला आठवडा सरळ गेला.
मग एका रात्री चारी काचा आपसूक उतरल्या,
सकाळी मागच्या सीटवर शेजाऱ्यांची कोंबडी,
प्लास्टिकवर एक अंडं.
ठणठणीत उन्हात वायपर सुरू.
दारं लागायची, उघडायची, परत लागायची,
दारात उभ्या पाहुण्याला ओळखावं की नाही
हे ठरत नसल्यासारखी.

अस्नाकेच म्हणाली, चर्चमधलं पाणी शिंपडू.
मी म्हटलं, विजेची वस्तू आहे, पाणी नको.
तिनं शिंपडलंच. चोरून. टायरवर.

मग नेगासी आला.
लाडाचं इंजिन तो डोळे मिटून खोलायचा,
आता मांडीवर पुतण्याचा लॅपटॉप, आणि डोळे चांगले उघडे.
‘पोटात एवढी थोरली बॅटरी,’ म्हणाला,
‘पण तिला उठवते ही बारा व्होल्टची चिमुरडी.
हत्ती केवढा, माहूत केवढा.’
चिमुरडी बदलली.
दोन दिवस शांतता.
तिसऱ्या दिवशी हॉर्न बसला,
नेमका एका अंत्ययात्रेच्या मागे.
लोकांनी वळून पाहिलं. मी स्टिअरिंगखाली काहीतरी शोधत राहिलो.

फ्यूज झाले, वायरी झाल्या,
नेगासीनं पैसे घेणं बंद केलं, हे वाईट लक्षण.

शेवटी शेजारची हेरमेला, बुटांच्या कारखान्यात
चिनी मुकादमाच्या हाताखाली तीन वर्षं काढलेली,
पुढच्या सीटवर बसली, कान देऊन ऐकलं
आणि हसत सुटली.
‘काका, बाई रोज एकच सांगतेय:
तारीख तपासा.’

तारीख मीच लावली होती.
घरात नवं घड्याळ आलं की कोण लावतं?
आठवा महिना, मियाझिया, साल दोन हजार सतरा.
आमच्याकडे बारा वाजता उजाडतं,
त्यात कुणाचे बारा वाजत नाहीत.
पण पडदा माझं ऐकत होता
आणि कुलपं आकाशातल्या उपग्रहाचं,
एकाच गाडीत आठ वर्षांचं भांडण.

नेगासीनं बोटांवर हिशेब केला, दोनदा.
‘तुझ्या तारखेला,’ तो हळूच म्हणाला,
‘ही अजून बनलेलीच नाही.’

मी किल्ली पाहिली.
हातात होती, गरम.
म्हणजे रोज रात्री ती दार उघडून बघत होती
आपण आहोत की नाही.

आता तिचं साल तिला दिलंय.
अवघड नाही, थोरला बेरूतहून फोन करतो तेव्हाही
मी सहा तास वजा करतोच,
आणि तो म्हणतो, आबा, कधीतरी चुकून लवकर उचला.

काचा वर राहतात. हॉर्न मी दाबला तरच वाजतो.
पहाटे एकदा, फक्त एकदा, वायपर हलतो.
नेगासी म्हणतो, खोलून बघू.
मी म्हणतो, राहू दे.

वर्ष सरताना आमचा तेरावा महिना येईल,
पागुमे, पाचच दिवसांचा.
पडद्यावर बारापुढे आकडा सरकत नाही,
मी करून पाहिलं.
हे तिला कसं सांगावं ते
हेरमेलाला विचारायचंय.