चुक्का

दिवसा मी टॉवेल तपासते.
अक्कलकोट रोड एमआयडीसी, तिसरं शेड,
ट्यूबलाइटखाली तिरकं टेबल, पाळीला नऊशे नग.
धागा तुटलेला, धागा जादा, तेलाचा डाग, ओढलेली किनार.
खडूने गोल करायचा, बाजूला टाकायचा.
अकरा वर्षं झाली.
टॉवेल आता मला दिसतच नाही,
त्यात जे नसायला हवं तेवढंच दिसतं.

म्हणून येमूल सरांनी मला नेलं.
रात्रशाळेत त्यांनी मला प्रकाश शिकवला होता, दोनदा,
पहिल्यांदा मी नापास झाले म्हणून.
आठ इंची आरसा त्यांनी स्वतः घासलेला,
गच्चीत पिंपाभोवती फेऱ्या मारत, दोन उन्हाळे.
शेजारी म्हणायचे, सर नवस फेडतायत.
"मला नकाशे पाठ आहेत," सर म्हणाले, "नजर तू आण."

नान्नजच्या माळावर व्हॅन उभी करायची.
मागच्या सीटवर अनसूयाबाई घोरायच्या,
लांब कुठेतरी लांडगा, नाहीतर लांडग्यासारखं कुत्रं.
विजेरीला लाल जिलेटिन.
सप्तर्षींच्या शेपटाशी मरीची, तिथून जरा वर,
एक फिकट डाग, जणू कुणी पुसायचा राहिला.
"ही दीर्घिका. हिच्यातले ठिपके पाठ कर."
मी पाठ केले.
माझ्यासाठी तो एक नग होता.

पाडव्याच्या आदल्या रात्री, अमावस्या,
डोळा लावला आणि हात खडू शोधायला लागला.
डागाच्या कडेला एक ठिपका जादा.
सरांनी नकाशा तीनदा धरला, उलटा, सुलटा, परत उलटा.
मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत.
दोन कोटी वर्षांपूर्वी एक तारा फुटला होता
आणि माझ्या पाळीत सापडला होता.

घरी आईला सांगितलं.
आमच्या तेलुगूत चुक्का म्हणजे ठिपका,
चुक्का म्हणजे ताराही.
मराठीत त्याला जरा हलकं म्हटलं
की होते चूक.
मला अकरा वर्षं पगार मिळतोय
तो ह्या एवढ्याशा फरकाचा.

सकाळी कळलं, तीन दिवसांपूर्वीच
कुठल्या तरी डोंगरावरच्या यंत्राने तो पकडला होता,
झोपलेल्या माणसांच्या वतीने.
सर हसले. मी नाही हसले.
मी म्हटलं, मोजू तरी.

'क' ताऱ्यापेक्षा मंद, 'ख'पेक्षा ठळक.
वहीत रकाना: तारीख, वेळ, प्रत, हवा.
बारा पूर्णांक एक. बारा पूर्णांक चार.
आकडा वाढत जातो तसा तारा विझत जातो,
आणि तुम्ही दोघांना सारखंच लिहायचं.
अनसूयाबाई एकदा जागं होऊन म्हणाल्या,
"अगं, आपल्या रक्तातलं लोखंड असल्याच ताऱ्यांचं ना?
हे सांगतात सगळ्यांना."
आईचं हिमोग्लोबिन सात.
दिवसाला हजार विड्या, तंबाखूची धूळ, सात.
मग आमच्या गल्लीत त्यांनी कमी पाठवलं, मी म्हटलं.
अंधारात कुणी काही बोललं नाही.

एकोणीस रात्री मिळाल्या, मधे चंद्र, मधे लग्नं.
तेरा पूर्णांक पाच.
मग रोहिणीचे ढग यायच्या आत एकदा
डाग होता, ठिपका नव्हता.
मी सरकून सरांना जागा दिली.
त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.
"तिथे त्याची राख असेल अजून," ते म्हणाले,
"पसरत असेल. आपल्या आरशात मावणार नाही."
"मग वहीत काय लिहू?"
"दिसत नाही असं लिही. तीही नोंदच."

पहाटे दार लोटलं तेव्हा आई जागीच,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची ओली पानं,
मान वर न करता तिने विचारलं,
"चुक्का उंदा?"
"लेदु," मी म्हटलं,
आणि उंबऱ्यात बसून
तारीख घातली.