चॅनेल दोन, इंग्रजी

मापुतोच्या किनाऱ्यावरलं हॉटेल, दुसरा मजला.
सभागृहाच्या मागच्या भिंतीला काचेचं खोकं,
त्यात आम्ही दोघी, लुर्देस आणि मी.
अर्धा तास ती, अर्धा तास मी,
मधे पाण्याचा जग, खोकल्याच्या गोळ्या.

खाली एकोणतीस कुलगुरू.
विंडहूकचे, लुसाकाचे, अंतानानारिव्होच्या दोन बाई,
आणि आमचे सहा, एका ओळीत, कडक कॉलरीत.
उच्च शिक्षण सुधारायला जमलेत.

सकाळपासून 'गुणवत्ता' हा शब्द
आमच्या तोंडून एकेचाळीस वेळा गेला.
लुर्देस कागदावर रेघा मारत मोजते.
आमचा जुना खेळ. अंदाज चुकला तिनं कोळंबी खिलवायची.
पोर्तुगीजमधून आत येतो, इंग्रजीतून बाहेर पडतो,
जिभेवर ना आंबट ना खारट.
ध चा मा करायचा नाही, एवढाच आमचा धर्म.
पण इथं मुळात ध-च नव्हता.
बोलाची कढी, आणि मी वाढपी.

जेवणानंतर, डोळे जड असताना,
लिशिंगाचे बोनिफासियो चिलेम्बे उठले.
दोन दिवसांच्या बसप्रवासाच्या सुरकुत्या कोटावर तशाच.
भाषण आमच्याकडे आधीच आलेलं, अकरा पानं.
मी पहिल्या ओळीवर बोट ठेवून तयार.
त्यांनी ती पानं दुमडून पेल्याखाली सारली.
म्हणाले, म्हणजे मीच म्हणाले इंग्रजीतून,
"समोर कोरा कागद आहे.
तुमच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचं नाव लिहा.
पदकवाला नको. पुढारी नको. पुतण्या तर नकोच.
असाच कुणीतरी."
आणि बसले.

कानात नुसती वातानुकूलनाची घरघर.
मिनिटभरात सात जणांनी हेडफोन ठोकून पाहिला,
मागे वळून मला खूण केली, बंद पडलं का?
मी काचेतून मान हलवली.
यंत्र चांगलं होतं.

कुणी झरझर लिहिलं आणि परीक्षेतल्या पोरासारखं
तळव्यानं झाकलं.
कुणी टेबलाखालून कुलसचिवांना फोन लावला.
लुसाकाच्या बाईंनी एक नाव लिहिलं, खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं, स्पेलिंग बदलून.
उपमंत्र्यांना नेमकी तेव्हाच लघवी लागली.

कॉफी घेऊन झेफानियास फिरत होता.
दुपारी तीन ते रात्री अकरा पांढरा कोट,
सकाळी जलविज्ञान, तिसरं वर्ष.
मला ठाऊक, कारण त्याच्या प्रबंधातलं इंग्रजी
मी जिन्यात बसून तपासते.
तो आपल्याच कुलगुरूंच्या खांद्याशी वाकला.
छातीवर पितळी पट्टी, तिच्यावर ठसठशीत नाव.
"दोन चमचे," ते म्हणाले,
पेन दातांत, नजर छताकडे.

माझ्यापुढचा दिवा लाल होता, म्हणजे माईक चालू.
चार अक्षरं पुरली असती.
मी खोकले.
इंग्रजी ऐकणाऱ्या सगळ्या कानांत तो खोकला गेला.
विंडहूकच्या गृहस्थांनी तोही टिपून घेतला असावा,
ते सगळंच टिपत होते.

मग चर्चा झाली. सोळा कलमांचा ठराव झाला,
पायऱ्यांवर फोटो झाला, वाऱ्यानं सगळ्यांचे टाय
एकाच बाजूला उडवले.
चिलेम्बेंनी कागद गोळा केलेच नाहीत.
मला वाटलं होतं, करतील, वाचून दाखवतील,
काहीतरी होईल.
ते बसस्थानकाकडे गेले. रात्रीची गाडी चुकली असती.

कोळंबी मलाच खिलवायची होती. मी अडतीस म्हटलं होतं.
पर्स शोधायला पुन्हा वर आले
तर झेफानियास टेबलं आवरत होता.
कपांखालचे कागद एकेक काढून वाचत होता.
"अर्नाल्दो? आमच्याकडे चार अर्नाल्दो आहेत.
यांना कुठला हवाय?"
लिहिलेले त्यानं ट्रेमध्ये ठेवले,
कोरे निराळे काढले, ठोकून कडा जुळवल्या,
दुमडून पांढऱ्या कोटाच्या आतल्या खिशात घातले.
चांगला जाड कागद आहे म्हणाला,
गणितं करायला होईल.