पाण्याची रेघ

जेसीबीवाला म्हणाला, दोन तासांचं काम.
दस्तगीरचाचांनी बावीस दिवस मागून घेतले.
गणपती पेठेमागची हळदीची वखार;
मालकाला जागा मोकळी हवी होती,
आम्हाला माल.

पाडायचं नसतं, उतरवायचं असतं,
पहिल्याच दिवशी चाचा मला म्हणाले.
बांधणाऱ्यानं जे शेवटी ठेवलं
त्याला आधी हात लावायचा.
म्हणून आधी कौलं.
बोटानं वाजवून बघायचं एकेक:
चांगलं खणखणतं,
तडा गेलेलं खोकतं.

मग रीपा. मग वासे.
वाशांच्या खाचांत साठ-सत्तर वर्षांची हळद,
कटावणी लावली की भसकन अंगावर.
संध्याकाळी चहाला गेलो
तर टपरीवाला म्हणाला, लग्न कुणाचं?
पाचही जण पिवळे,
नवरी एकीकडंही नाही.

शेवंता ऐवळे खिळे काढते.
पाय पसरून बसते, पुढ्यात तुळई,
जशी एखादी पोराच्या पायातला काटा काढते
तशी, पण शिव्या देत.
किलोमागं तिचा दर ठरलेला.
जुना चौकोनी, घडीव खिळा निघाला
की तेवढा बाजूला ठेवते. वजनात घालत नाही.
कशाला गं, विचारलं तर म्हणते,
असू दे. कुणीतरी बसून केलाय ह्यो.

भिंतीत चुना होता हे नशीब.
चुन्याला हळू सांगितलं की तो वीट सोडतो.
मागची एक खोली नंतरची, सिमेंटातली,
तिथली एक वीट अखंड आली नाही.
चाचा म्हणाले,
धरून ठेवणं वेगळं, चिकटून बसणं वेगळं.
मग बिडी पेटवली
आणि माझ्याकडं पन्नास रुपये मागितले.

मी वही लिहितो.
सागवानी तुळया अकरा, एकीला वाळवी.
वासे बहात्तर.
शहाबादी फरशी तीनशे फूट, कोपरे गेलेले.
विटा मोजायच्या आहेत.
दरवाजा एक, दोन कवाडी, चौकटीसह.
रकाना: खोट.
लिहिलं: डाग.

डाग म्हणजे रेघ. छातीच्या उंचीवर,
एका कवाडातून दुसऱ्यात सरळ गेलेली, तपकिरी,
कृष्णामाईनं ओळंबा-पातळी लावून ओढल्यासारखी.
एकोणीसच्या ऑगस्टची.
तिच्या बरीच खाली, उंबऱ्याला टेकून,
पाच सालची, पुसट.
पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
पाण्यानं मारलेलीचं कुणी सांगत नाही.

दरवाजा तीन महिने अड्ड्यावर उभा.
सांगलीचं गिऱ्हाईक यायचं, रेघ बघायचं,
खिडक्यांकडं वळायचं.
एक बाई हात लावता लावता थांबली,
आमच्यात याच्याहून वर होतं, म्हणाली,
आणि काही न घेता गेली.

मग उमदीहून सिद्धाण्णा बिराजदार आले,
छोटा हत्ती घेऊन.
जत तालुका, जिल्हा आमचाच,
पण तिकडं उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं
आणि घागरी आदल्या रात्रीच रांगेला लागतात.
भाव ठरला. चाचा म्हणाले, रंधा मारून देतो,
दोन सूत लाकूड जाईल, रेघ जाईल.

बिराजदारांनी रेघेवर पंजा ठेवला.
मग स्वतःच्या छातीवर.
इथपर्यंत?
इथपर्यंत.
एवढं पाणी, ते म्हणाले,
आणि मग बराच वेळ नुसते उभे राहिले.
भीती होती की हेवा, मला कळलं नाही.
चाचांनीही बिडी विझू दिली.

राहू द्या. तासू नका.

कवाडं उताणी घातली, दोर आवळला.
कडी हलली तशी सांध्यातनं
चिमूटभर हळद पत्र्यावर पडली.
शेवंतानं ती बोटानं उचलली, हुंगली,
आणि वैरण बांधावी तशी दुसरी गाठ मारली.

वहीतला डाग मी खोडला.
त्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही.
विटा अजून मोजायच्या आहेत.