पानओवा

दिवसाला हजार विड्या वळते मी,
ओढली एकही नाही.
डॉक्टर तरी म्हणाला, "विडी सोडा."

भिंतीपलीकडून निंगव्वा विचारते, "केम्मु?"
"होय गं, खोकलाच."
फुटक्या घागरीतलं जाड, लवदार पान
ती खुडते, तव्यावर टाकते, चर्र.
पिळलेल्या रसात मधाचं बोट.
तिचं दोड्डपत्रे, माझा पानओवा;
भजी मात्र दोघींच्या कढईत
तशीच फुगतात.

रात्री गवती चहा, आल्याचा तुकडा.
वाफेवर तोंड धरते,
दार फटीएवढं उघडावं
तशी छाती जराशी मोकळी होते.

कप ओठांशी नेताना
बोटं आधी येतात,
निपाणीची, पिवळी.
त्यांच्या वासावर
निंगव्वाकडंही पान नाही.