कलम चौदा

नांदेडच्या कामगार न्यायालयात
पंखा इतका खडखडतो की साक्ष अर्धी ऐकू येते.
मी टंकलेखक. साहेब सांगतील
तेवढंच उतरवायचं.

वैजनाथ होळगे, वय सव्वीस, राहणार लोहा,
धंदा...
इथं गाडी अडली.
तो म्हणाला, कबड्डी.
संघमालकांचे वकील उठले :
खेळ ही हौस आहे, अर्जदार कामगारच नव्हे.
साहेब म्हणाले, तूर्त रकाना कोरा ठेवा.
ठेवला.

करार बावीस पानी, इंग्रजीत.
पानापानाखाली त्याची सही, मराठीत,
शेवटच्या चार पानांवर नुसतंच 'वै'.
कलम चौदा : गुडघा गेला की करार गेला.
गुडघा गेला का, ते सांगणार
मालकांचाच डॉक्टर.

"हौसेनंच खेळत होतात ना?"
"साहेब, चढाईत दम सुटला की माणूस बाद.
तीन सीझन धरला म्या.
हौसेपायी धरतंय का कुणी एवढा?"
"हो किंवा नाही, तेवढंच सांगा."

तो कठड्याला धरून वाकला
आणि एका दमात सुरू झाला,
कबड्डी कबड्डी कबड्डी
माझी बोटं कुणी न सांगता चालली.
एकोणचाळीसाव्याला साहेबांनी हात वर केला :
हे रेकॉर्डवर नको.

खोडलं.
पुढची तारीख दिवाळीनंतरची.
तो पायऱ्या उतरला, एकेक, कडेकडेनं.

माझंही कंत्राट अकरा महिन्यांचं,
कलमं कधी वाचली नाहीत.
रात्री गच्चीवर दम धरून बघितला.
सतराला सुटला.