दुसरं पोर्ट

ओउलू. रात्रीचे अकरा, खिडकीत अजून ऊन.
तार्मोच्या तळहातावर खेळ सुरू झालाय खरा,
सूरही वाजतोय, थोडा खरखरत,
पण शिडीपाशी माणूस ढिम्म.

बटणं बदलली. फाइल दुसरी आणली.
वेग पन्नासवर घेतला, तेव्हा सूर ताळ्यावर आला.
माणूस ढिम्म.

मग मेनूच्या तळाशी, बारीक अक्षरांत:
जॉयस्टिक, पोर्ट एक.

पोर्ट एक त्याचं. कायम.
दुसरं आयलीचं,
टेप लोड होईस्तोवर जी काकडी खात बसायची
आणि पहिला डाव लाटायची.

त्यानं एकाचे दोन केले.
माणूस शिडी चढला.

बहीण आता ट्रोम्सोत. तिकडेही उजेडच असणार.
फोन करावा का?
आधी हा जीव जाऊ दे, म्हणाला,
अजून दोन आहेत.